माजघरातला पुरावा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

गावच्या वाचनालयात ती ऐतिहासिक रहस्यकादंबरी परत करताना तू म्हणालीस, की दळणकांडणाची आणि धान्य मोजण्याची पाने तू भराभर उलटलीस आणि थेट खुन्यापाशी पोहोचलीस. तेव्हापासून मला राहवत नाही, कारण जी पाने तू ओलांडलीस, त्यांतच सगळा उलगडा होता.

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारी जगातली पहिली कचेरी कलकत्त्यात १८९७ साली सुरू झाली. त्याआधीच्या काळातल्या कथेत शोध घेणाऱ्याच्या हाती सहसा ठसे नसतात आणि रक्त कोणाचे हे सांगणारी तपासणीही नसते. असते ते घर आणि त्या घराची रोजची रीत. रात्री राखेखाली विस्तव जपून ठेवणाऱ्या घरातून आज शेजारी निखारा मागायला कोणी का गेले? कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असताना कणगीच्या तोंडावरचे शेणामातीचे लिंपण ओले कसे? पहाटे जात्याची घरघर ऐकू आली नाही, हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले? रीत ठाऊक असेल, तरच ती मोडलेली दिसते. म्हणून चांगला लेखक आधी तुला त्या घरात चार दिवस राहू देतो आणि मगच प्रेत दाखवतो.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनी १९४४ साली प्राचीन इजिप्तमधल्या एका कुटुंबावरची रहस्यकादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यामागे खरी पत्रे आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी हेकानख्त नावाच्या गृहस्थाने परगावाहून घरी लिहिलेली ती पत्रे १९२१-२२ च्या उत्खननात सापडली. त्यांत कोणती जमीन कसायची, घरातल्या कोणाला किती धान्य द्यायचे, याचा चोख हिशेब आहे आणि नव्या बायकोला घरचे लोक नीट वागवत नाहीत, याबद्दल संतापही आहे. आपल्याकडे ज्वारीच्या पायल्या मोजताना उठणारा तंटा आणि हा तंटा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. लिहिताना ख्रिस्तीबाई त्यांच्या इजिप्ततज्ज्ञ मित्राला सतत विचारत राहिल्या, की ती माणसे काय खात, पुरुष आणि बायका एकत्र जेवत का, झोपत कोणत्या खोलीत. खून कसा करावा हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. जेवणाची पद्धत मात्र विचारावी लागली.

वाचताना लेखकाचीही परीक्षा घे. देवगिरीच्या यादवांच्या काळातली गोष्ट असेल आणि सून भाकरीसोबत मिरचीचा ठेचा वाढत असेल, तर तिथेच थांब, कारण मिरची अमेरिकेतली आणि ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे यादवांच्या कितीतरी नंतर. भोसल्यांच्या नागपुरातल्या सुनेच्या पानात ठेचा असला, तर हरकत नाही. अशी एखादी चूक मी माफ करतो. पण ज्याला स्वयंपाकघर दिसलेच नाही, त्याच्या खुन्यावर माझा विश्वास बसत नाही.

येत्या रविवारी आजीजवळ बस. तिच्या सासरी जाते किती वाजता सुरू होई, पेव कोणाच्या देखत उघडत, दूध-तुपाला कुलूप असे का आणि रात्री शेवटचा दिवा कोण मालवी, हे तिला विचार. मग तेच पुस्तक पुन्हा घेऊन ये आणि ती उलटलेली पाने सावकाश वाच. पुस्तक मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे.

तुझा,
गुरुजी