मुलीला शिष्यवृत्ती, मुलाला कर्ज

*मॅडम, नमस्कार. मी सातपूरला एका कंपनीत मशिन ऑपरेटर आहे. माझं शिक्षण दहावी, मिसेस सातवी. मूळ गाव निफाड तालुक्यात, भावासोबत दोन एकर सामाईक. आम्ही ओबीसी, वर्षाचं उत्पन्न ३ लाख ६० हजार. मुलीला बारावी सायन्सला ७६ टक्के, सीईटीला ८१ पर्सेंटाइल. घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच. ओळखीच्या एका ॲडमिशनवाल्याने सांगितलं की प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत 'फर्स्ट जनरेशन स्कॉलरशिप' आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची ४० टक्के फी माफ. रविवारपर्यंत २१ हजार भरून सीट धरायची आहे. कागदाचा फोटो जोडला आहे. सीईटीचे फॉर्म, पासवर्ड सगळं तोच बघतो. मुलगी मध्येच ॲग्रीचं खूळ काढते. पण मी शेतीतून बाहेर पडलो ते काय तिला परत मातीत घालायला? स्कॉलरशिप मिळाली तरच तिला शिकवणं जमेल. मुलगा यंदा दहावी झाला, ५४ टक्के. त्याला ९० हजारांचा क्लास लावलाय. त्याचं तर करावंच लागतं, प्रसंगी कर्ज काढून. पहिल्या पिढीच्या मुलांसाठी आणखी कुठल्या स्कॉलरशिप आहेत? नाव छापू नये. (मला टायपिंग जमत नाही, मुलीकडून लिहून घेतलं आहे.)*

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, शिष्यवृत्त्यांची यादी मनात जुळवत. कंसातल्या शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. परत वर जाऊन वाचलं, या वेळी तिच्या बाजूने.

म्हणजे 'स्कॉलरशिप मिळाली तरच तिला शिकवणं जमेल' हे वाक्य तुम्ही सांगितलंत आणि तिने टाइप केलं. 'खूळ' हा शब्द तिनेच टाइप केला. भावाच्या क्लासचे ९० हजारही तिनेच आकड्यात लिहिले. पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. एक शब्दही तिने गाळला किंवा बदलला नसावा, कारण बदलला असता तर पत्र याहून सौम्य झालं असतं.

तुम्ही वाईट माणूस आहात असं मला मुळीच वाटत नाही. वाईट माणूस मुलीच्या शिक्षणासाठी अनोळखी बाईला पत्र लिहीत नाही. पण हे तुमच्या एकट्याचं नाही, माझ्यासमोर येणाऱ्या दर चार-पाच घरांमागे एका घरात हेच गणित असतं: मुलीचं शिक्षण फुकट जमलं तर, मुलाचं शिक्षण काहीही करून. ७६ टक्के मिळवणारीने स्वतःला सिद्ध करायचं आणि ५४ टक्केवाल्याला सिद्ध करायची गरजच नाही. (त्याच्यावरही माझा राग नाही, सोळा वर्षांचं पोर आहे ते. त्याला त्या क्लासला जायचं होतं का, हेही एकदा विचारून बघा.) शिष्यवृत्ती ही गरज भागवायची सोय आहे. तुम्ही तिची अट करून टाकलीत. उद्या काही कारणाने ती मिळाली नाही, तर मुलगी काय समजेल? सरकारने नाकारली असं नाही समजणार. आपली तेवढी किंमत नव्हती, असं समजेल.

आता त्या कागदाचा फोटो. मोठ्या अक्षरात '४० टक्के'. खाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत, त्या तुम्ही वाचल्या का? सवलत फक्त पहिल्या वर्षाच्या फीवर. पुढच्या वर्षी चालू ठेवायची असेल तर ठरावीक ग्रेड हवी आणि निर्णय संस्थेचा. फी वर्षाला २ लाख ४० हजार. म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख ४४ हजार, आणि सवलत थांबली तर पुढची तीन वर्षं पूर्ण रक्कम. चार वर्षांचे होतात ८ लाख ६४ हजार. तुमच्या दोन वर्षांच्या उत्पन्नापेक्षाही जास्त. हिला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत, हा दिवाळीतला सेल आहे. आधी किंमत फुगवायची, मग त्यावर फुली मारायची. खरी शिष्यवृत्ती देणारे आधी तुमच्याकडे उत्पन्नाचे कागद मागतात. इथे कागद एकही मागितला नाही, मागितले ते २१ हजार, आणि तेही रविवारपर्यंत. सगळ्या खासगी विद्यापीठांना मी एका माळेत ओवत नाही, काही ठिकाणी घरची परिस्थिती बघून खरोखर चांगली मदत मिळते. पण ती एजंटाच्या हातून येत नाही.

आणि हा 'फर्स्ट जनरेशन' शब्द. तो अलीकडे बराच ऐकू येतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ज्यांचे आईवडील पदवीधर नाहीत अशा मुलांसाठी वेगळी मदत असते, शब्द तिकडचा. आपल्याकडे तामिळनाडूत सरकारी योजना आहे: घरात आधी कोणी पदवीधर नाही असा दाखला दिला की व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते. पण तीही सरकारी प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या जागेलाच. महाराष्ट्रात महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना बघितल्यात तर त्या प्रवर्ग, उत्पन्न, आईवडिलांचं काम अशा निकषांवर बेतलेल्या दिसतील. 'घरातला पहिला' या नावाचा रकाना तिथे शोधत बसू नका. त्याची तुम्हाला गरजही नाही, कारण तुमच्या मुलीसाठी त्याहून मोठी गोष्ट आधीच मंजूर आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. ओबीसी मुलींना आधी निम्मं मिळत होतं, २०२४-२५ पासून पूर्ण. सरकारी कॉलेज, अनुदानित कॉलेज, कायम विनाअनुदानित कॉलेज, सगळीकडे. अट एकच, पण ती पक्की: प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही आणि खासगी विद्यापीठाला नाही. आता परत बघा काय होणार होतं ते. ४० टक्क्यांच्या लोभाने तुम्ही १०० टक्के सोडणार होतात, वर २१ हजार देऊन.

शिक्षण शुल्क माफ म्हणजे सगळंच फुकट असं मात्र समजू नका. डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, बाहेरगावी गेली तर होस्टेल-मेस, हे उरतं. ओबीसी मुलांना बाहेर राहण्यासाठी मदत देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, तुम्ही तिच्यात बसत नाही. केंद्र सरकारची वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती आहे, बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये येणाऱ्या आणि साडेचार लाखांच्या आतल्या घरांसाठी. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेतली तर ती मिळत नाही, तेव्हा मोठी ठेवा, लहान सोडा.

कागद. पहिल्या पिढीची घरं मार्कांवर अडत नाहीत, कागदावर अडतात. तुमच्या पत्रात जात वैधता प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता, म्हणजे तो दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, वेगळी, हे ज्या घरातून आधी कोणी कॉलेजला गेलंय त्याला माहीत असतं. पडताळणी समितीचं काम नाशिकमध्ये नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात चालतं. अर्ज केला नसेल तर सोमवारीच करा आणि पावती जपून ठेवा. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात तुम्ही मोडत नाही असा दाखला, चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना ते पाहा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा काढा आणि तिचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे याची खात्री करा. यात अवघड काही नाही, खेटे आहेत फक्त.

मी कॉलेजला गेले तेव्हा खिडकीवरच्या क्लार्कने 'बोनाफाईड आण' म्हणून परत पाठवलं होतं. मला वाटलं, हे एखाद्या औषधाचं नाव असेल. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते चौथी शिकलेले. त्यांनाही माहीत नव्हतं. पण ते उठले, टोपी घातली, शाळेत गेले आणि हेडमास्तरांना सरळ म्हणाले, 'पोरीला बोनाफाईड लागतंय, ते काय असतं ते मला माहीत नाही, पण द्या.' मला काय शिकायचं यावर त्यांनी कधी मत दिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की त्यातलं त्यांना कळत नाही.

तुमचं नेमकं उलटं चाललंय. 'आमच्यात कोणी कॉलेजला गेलं नाही' असंही म्हणता आणि शाखाही तुम्हीच ठरवता. जिथे तुमची खरी गरज आहे, म्हणजे दाखले मिळतात त्या सेतू केंद्राच्या रांगेत, तिथे एजंट उभा केलाय.

तिच्या 'खुळा'बद्दल. 'मातीत घालायला' या शब्दांमागे काय आहे ते मला दिसतं. गारपिटीत गेलेली बाग, लासलगावला मातीमोल विकलेला कांदा, मग सातपूरची शिफ्ट. तुम्ही पळून आलात असं मी म्हणणार नाही, घर उभं केलंत. पण कृषी पदवी म्हणजे खुरपं नव्हे. चार वर्षांत माती, बियाणं, किडी, रोग, पाणी, शेतमालाचं अर्थशास्त्र सगळं शिकवतात. आणि तुम्ही राहता कुठे? द्राक्ष आणि कांद्याच्या जिल्ह्यात. दिंडोरीजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या आवारात एकदा तिला घेऊन जा आणि बाहेरून तरी बघा, शेतमालाभोवती किती प्रकारची कामं असतात ते.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तिची वकील झाले असं वाटेल. कृषी पदवीची मुलं मोठ्या संख्येने एमपीएससीच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं बसलेली मी पाहिली आहेत. पदवी हाती आली की नोकरी दारात, असं इथे नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्येही आता नाही, ते वेगळं. तिला विचारा की ॲग्रीच का. 'मैत्रीण जातेय म्हणून' असं उत्तर आलं तर चर्चा करा. 'काकांच्या द्राक्षबागेत डावणी रोग येतो तेव्हा मला जाणून घ्यायचं असतं' असं काही उत्तर आलं, तर गप्प बसा आणि ऐका. पत्रात तिच्या आवडीनिवडीबद्दल तुम्ही मला एक शब्द दिला, तोही 'खूळ', म्हणून मी याहून पुढे काही ठरवू शकत नाही.

चांगली गोष्ट ही की आज ठरवायची सक्ती नाही. सीईटी एकच असली तरी इंजिनिअरिंग आणि कृषी, दोन्हींच्या कॅपचे अर्ज वेगवेगळे असतात. दोन्हीकडे भरा. फीमाफी दोन्हींना लागू आहे. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात, ते समोर ठेवून तिने पसंतीक्रम लिहावा. कृषी विद्यापीठ आपल्या भागासाठी राहुरीचं, पण नाशिकमध्येही कृषी महाविद्यालयं आहेत, तेव्हा 'लांब कशी पाठवू' हा मुद्दा लगेच काढू नका.

मुलाच्या कर्जाचा विषय मी इथे सोडवणार नाही. त्याच्याबद्दल वेगळं पत्र लिहा, आणि ते त्यालाच टाइप करू द्या.

भाऊ, एक काम मात्र रविवारची वाट न बघता करा. सीईटीच्या लॉगिनचा पासवर्ड त्या माणसाकडे आहे आणि नोंदवलेला मोबाइल नंबरही बहुधा त्याचाच असेल. तो नंबर बदलून घ्या, नाहीतर उद्या पसंतीक्रम तो भरेल आणि ओटीपीही त्यालाच जाईल. पासवर्ड आज रात्रीच बदला. नवा कोणता ठेवायचा ते तिला ठरवू द्या, तुम्हाला सांगितला नाही तरी चालेल.