गाडी पाण्यात घालण्याआधी बॉनेट उघड
भावा, नवीन थारची वेडिंग डेप्थ (म्हणजे किती खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते ते) ६५० मिमी आहे म्हणून बिनधास्त घुसू नकोस, तो आकडा हळू चालवण्यासाठीचा आहे, वेगात गेलास की लाट बॉनेटवर येते न पाणी थेट एअर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या तोंडात. स्नॉर्कल (उंचावरून हवा घेणारा पाईप) लावलास तरी एअरबॉक्सचे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचे जॉइंट सील नसतील तर ते शोभेचं नळकांडंच. चाकामागचे प्लास्टिक लायनर फाटलेत का बघ, तिथूनच चिखल अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा तो) उडतो. वायरींच्या कनेक्टरला डायलेक्ट्रिक ग्रीस लाव, त्याने पाणी आत शिरत नाही. आणि पाण्यात बंद पडली तर सेल्फ अजिबात मारायचा नाही!! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, मी वाकवलाय, खर्च विचारू नको. घरी आल्यावर इंजिन गार झालं की रेडिएटरमधला चिखल वाळायच्या आत साध्या पाईपने काढ, प्रेशर वॉशर नको, जाळी वाकते.