पूरमदत करताना चॅनलवाल्यांनी गाठलं तर काय बोलावं?

परंड्याकडे (धाराशिव जिल्हा) सीना नदीच्या पुरात मदतीचे किट वाटताना चॅनलचा बूम (माइक) पुढे आला तर काय करायचं, असं विचारलंय. आपल्या हातचं तेवढंच बोला: कुठल्या वस्तीवर किती किट दिले, आता काय कमी पडतंय (बहुतेक वेळा कडबा आणि ताडपत्री). मृतांचा आकडा, धरणाचा विसर्ग याबद्दल अवाक्षर नको; तहसीलदार किंवा जिल्हा माहिती अधिकाऱ्यांकडे पाठवा. विसर्गाच्या एका चुकीच्या वाक्याने अख्खं गाव रात्री घर सोडून पळतं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर मात्र जरूर सांगा. ‘हे छापू नका हं’ म्हणत काही बोलू नका, तेच छापून येतं! जनावरं वाहून गेलेल्या म्हातारीकडे कॅमेरा वळला तर आधी तिला विचारा. ती नको म्हणाली की सरळ मध्ये उभे राहा.