मुकादम म्हणतो म्हणून उसाचा फड पेटवू नका

प्रश्न : उसाची तोड लांबली आहे. तोडणी टोळीचा मुकादम म्हणतो, फड पेटवा, उद्याच टोळी घालतो. दुकानदार म्हणतो, पाचटाने (उसाच्या वाळल्या पाल्याने) हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी वाढते. ठेवायचंच तर एकरी दोन पोती युरिया फेका आणि कुजवायची बाटली मारा. खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवायचा आहे. काय करावे? (ता. वाळवा, जि. सांगली)

उत्तर : पेटवू नका. पाला सोलायचा त्रास टोळीचा वाचतो, जळक्या उसासाठी कारखाना कापतो ती जळीत कपात मात्र तुमच्या बिलात येते. वर वाहन वेळेवर आलं नाही की जळक्या उसाचं वजन फडातच घटतं. तोडीची पाळी चुकली असेल तर चिटबॉयच्या (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) मागे फिरण्यापेक्षा ऊस नोंदीची तारीख घेऊन कारखान्याच्या गट ऑफिसला लेखी द्या.

हुमणीचं म्हणाल, तर अळी जमिनीत मुळांवर असते. वरचा पाला जाळून ती मरत नाही. भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर येतात, ते तेव्हा गोळा करा. आत्ता दुकानदार देईल ते हुमणीचं औषध ओतू नका.

एकरी तीन-चार टन पाचट मिळतं, ते फुकटचं खत आहे. तोड झाली की पाचट सरीत दाबा, बुडखे उघडे करून जमिनीलगत छाटा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून लगेच पाणी द्या. चार टनाला युरिया 32 किलोच होतो, दोन पोती नाही. जास्तीचा युरिया कोरड्या पाचटावर पडला तर हवेत उडतो. पुन्हा सांगतो, दोन पोती नाही. पंधरा दिवसांत पाचट गायब करणारी बाटली नसते. कुजायला तीन-चार महिने लागतात.

खोडव्याच्या खताचा डोस याहून वेगळा. तो फेकू नका, पहारीने द्या : अर्धा पंधरा दिवसांच्या आत, बुडख्यापासून चार-सहा इंचांवर, फुटाफुटावर भोक पाडून, उरलेला दुसऱ्या बाजूने 135 दिवसांनी. पहिला हप्ता महिन्यावर ढकललात तर फुटवा मार खातो. हे काम मजुराला कंटाळवाणं वाटतं, तरी करून घ्याच.

15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका. पाचट कुट्टी यंत्राच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. तोडणी यंत्र आणायचं तर पुढची लागण साडेचार-पाच फुटी सरीवर घ्या.

दुकानात युरिया, सुपर आणि जिवाणू एवढंच मागा. जिवाणूच्या पाकिटावरची मुदत बघा आणि पक्की पावती घ्या.