टॉवरची शक्ती वाढवली म्हणजे रेंज वाढते का?

प्रश्न : मोबाइल टॉवरवर एकाच दिशेला तोंड करून अनेक अँटेना बसवलेले दिसतात. त्यांपैकी कोणता वापरायचा हे कसे ठरते? आणि जिथे रेंज कमी आहे, तिथे टॉवरची शक्ती वाढवली तर अडचण सुटणार नाही का?

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो, कारण गैरसमज तिथेच अधिक आहे. टॉवरला वीस-चाळीस वॅट सहज मिळतात, पण बॅटरीवर चालणारा फोर-जी फोन साधारणपणे 0.2 वॅटच्या पुढे जात नाही. त्याचा क्षीण संदेश टॉवरला ऐकू आला नाही, तर टॉवर कितीही जोराने बोलला तरी जोडणी टिकत नाही. शिवाय तीच फ्रिक्वेन्सी शेजारचे टॉवरही वापरत असल्यामुळे वाढवलेली शक्ती त्यांच्या ग्राहकांना त्रासदायक ठरते. थ्री-जीमध्ये तर सगळे फोन एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलत, आणि जवळच्या फोनने दूरच्याला दाबून टाकू नये म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला 1500 वेळा शक्ती वाढवण्याची किंवा घटवण्याची आज्ञा देत असे.

आता अँटेना. इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि एखाद्या अँटेनाजवळ त्या क्षणी जवळजवळ नाहीशा होतात. यालाच फेडिंग म्हणतात. पुरेशा अंतरावरच्या दुसऱ्या अँटेनाजवळ मात्र त्याच क्षणी संदेश उत्तम असू शकतो. (हल्ली हे अंतर न ठेवता परस्परांना काटकोनात ध्रुवीकरण (म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा) असलेले दोन अँटेना एकाच आवरणात बसवतात, त्यामुळे बाहेरून एक दिसणारा फलक बहुधा आत दोन असतो.) निवडीच्या सर्वांत सोप्या पद्धतीत ज्याच्यावरचा संदेश अधिक सबळ तो अँटेना घेतला जातो, आजचे टॉवर बहुधा दोन्हींचे संदेश गुणवत्तेनुसार वजन देऊन एकत्र करतात.

एका अँटेनावर फेडिंगची शक्यता शंभरात 1 असेल आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्हींवर ते एकाच वेळी येण्याची शक्यता दहा हजारांत 1 उरते. म्हणजे फेडिंगसाठी राखून ठेवावी लागणारी जादा शक्ती, शंभरात 99 वेळा जोडणी टिकावी या अपेक्षेने मोजल्यास, 20 डेसिबलवरून सुमारे 10 डेसिबलवर येते (डेसिबल हे शक्ती किती पट आहे याचे माप; दर 10 डेसिबलला शक्ती दहापट). तेच काम एक दशांश शक्तीत होते, आणि ही बचत फोनच्या बॅटरीला मिळते, हे मला फार मोलाचे वाटते.

जिथे रेंज तरीही पोहोचत नाही, तिथे अधिक शक्तीपेक्षा जवळच कमी शक्तीचा लहान टॉवर उभारणे हा बहुतेक वेळा अधिक योग्य उपाय असतो.