यकृत पुन्हा वाढते, मग वडिलांचे का वाढत नाही?

आपल्या वडिलांना सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कठीण होण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विचार करायला सांगितले आहे. यकृत पुन्हा वाढते तर त्यांचे का वाढत नाही, आणि आपण त्यांना भाग दिला तर आपले खरोखर भरून येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. सोलापुरात ३१ वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आणि माझ्या धाकट्या भावाला त्याच्या मुलाने यकृत दिले, तेवढ्या आधारावर लिहितो.

१९३१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढला, तेव्हा उरलेला भाग आठवडा-दहा दिवसांत मूळ वजनाच्या जवळपास पोहोचला. ही वाढ पालीच्या शेपटीसारखी नसते. काढलेला तुकडा त्या जागी पुन्हा फुटत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी विभागतात आणि तोच भाग मोठा होतो. मात्र त्यासाठी आतली बांधणी, म्हणजे रक्तवाहिन्या, पित्तनलिका आणि पेशींच्या ओळी, शाबूत असावी लागते.

सिरॉसिसमध्ये नेमकी ही बांधणीच मोडलेली असते. निरोगी यकृत सुरीखाली मऊ आणि एकसारखे लागते. सिरॉसिसचे कापताना हाताला चिवटपणा जाणवतो आणि कापलेल्या बाजूवर वाटाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गाठीच गाठी दिसतात. त्याची स्लाइड मॅसन ट्रायक्रोम या रंगमिश्रणाने रंगवली की व्रणाच्या तंतूंचे निळे पट्टे उठून येतात आणि त्यांच्या वेढ्यात पेशींची लालसर बेटे दिसतात. ती बेटे म्हणजे उरलेसुरले जुने यकृत, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. आमच्या विभागातल्या एका मॅडमनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवून दाखवले, की ती पुन्हा वाढलेल्या पेशींची आहेत. म्हणजे वडिलांच्या यकृताने वाढण्याचा प्रयत्न सोडलेला नाही. ती वाढ व्रणांच्या कुंपणात कोंडली गेली आहे आणि तिच्यातून रक्ताला नीट वाट मिळत नाही. वाट अडली की आतड्याकडून येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, आणि पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी हे त्यातूनच येते.

म्हणूनच मूळ कारणावरचे उपचार आधी पाहावेत. दारू कायमची सुटली, हिपॅटायटिस बी औषधाने आटोक्यात राहिला किंवा सी पूर्ण बरा झाला, तर काही रुग्णांत सिरॉसिसचे व्रणही थोडेफार विरघळतात. चरबीमुळे होणाऱ्या यकृताच्या सुजेवर रेस्मेटिरोम या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती सिरॉसिस होण्याआधीच्या टप्प्यासाठी आहे.

स्टेम सेलच्या, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, इंजेक्शनबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. भावाच्या आजारात एका खाजगी दवाखान्याने आम्हाला तीन इंजेक्शनांत यकृत नवे करून देण्याची भाषा केली. आम्ही दागिने मोडून पैसे भरले, चार महिने त्यात गेले, आणि त्या चार महिन्यांत त्याची कावीळ व पोटातले पाणी दोन्ही वाढले. ब्रिटनमधील ८१ रुग्णांवरच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल रक्तात आणणाऱ्या इंजेक्शनांनी, आणि सोबत त्याच पेशी परत टोचूनही, सिरॉसिसमध्ये नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा झाला नाही. संशोधन चालू आहे आणि ते चालू राहावे असे मला मनापासून वाटते, पण मान्यताप्राप्त चाचणीत सहभागी रुग्णाकडून इंजेक्शनाची किंमत घेत नाहीत, एवढी खूण लक्षात ठेवा.

आता आपल्याबद्दल. प्रौढ रुग्णाला बहुधा यकृताचा उजवा भाग द्यावा लागतो आणि तो साधारण ६० ते ६५ टक्के असतो. दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के उरणार असेल तरच सर्जन पुढे जातात. पुतण्याकडे ३५ टक्के उरले होते. तीन महिन्यांनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये ते मूळ आकाराच्या ८० टक्क्यांपर्यंत आले होते. तरीही पहिले सहा आठवडे त्याला खोकलासुद्धा पोटाला उशी धरून काढावा लागे. शिवाय उजवा भाग देताना दात्याच्या मृत्यूचा धोका हजारात दोन ते पाच इतका सांगितला जातो. घरच्यांनी हा आकडा आपल्यापासून लपवू नये आणि आपणही तो आईपासून लपवू नये. ऐनवेळी आपण नकार दिलात तरी तो आपला हक्क आहे.

वडिलांचा मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृताचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, किती आहे, हे पुढच्या भेटीत विचारा. तो बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा वेग) या रक्ततपासण्यांवरून काढतात, आता त्यात सोडियमही धरतात. १५ किंवा त्याहून जास्त असेल तर प्रत्यारोपण केंद्रात त्यांना तपासून घेण्यास उशीर करू नये. स्कोअर कमी असूनही पोटात वारंवार पाणी होत असेल, तरी जावे. केंद्र पुण्याचे निवडलेत तर सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाणे रुग्णाला सोपे पडते. आपला रक्तगट इथेच तपासून ठेवा, आणि आपण दाते होणार असलात तरी मेंदूमृत दात्याच्या यादीत वडिलांचे नाव त्याच केंद्रामार्फत नोंदवा, म्हणजे आपल्या तपासण्यांत काही निघाले तर तोवरचे दिवस वाया जाणार नाहीत.