जुना एसएसएन हरवला म्हणून नवा मागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2009 मध्ये टेक्सासला एमएस करताना टीएशिप (विद्यापीठात शिकवण्यात मदत करण्याची पगारी नोकरी) मिळाली, तेव्हा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, अमेरिकेत नोकरी आणि करासाठी लागणारा नऊ आकडी सरकारी क्रमांक) काढला. 2012 मध्ये परत आलात. आता कार्ड सापडत नाही, नंबर आठवत नाही, लग्नानंतर नाव बदललंय आणि नवऱ्याबरोबर एल-2 वर (कंपनीने बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) जायचंय. तर सरळ नवा नंबर काढावा का?

नाही, अजिबात नाही. एसएसएन एकदाच मिळतो आणि जन्मभर तोच राहतो. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) संपला, देश सोडला, आडनाव बदललं, तरी तो रद्द होत नाही. हरवलंय ते फक्त कार्ड. सोशल सिक्युरिटी कार्डाच्या एसएस-5 या अर्जात 'पूर्वी कधी नंबरसाठी अर्ज केला होता का, नंबर मिळाला होता का' असं स्पष्ट विचारतात. तिथे 'नाही' लिहिणं म्हणजे सरकारी अर्जात खोटं बोलणं. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने ते करू नये.

आधी घरात शोधा. त्या वर्षांच्या डब्ल्यू-2 वर (नोकरी देणाऱ्याकडून मिळणारं वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक) पूर्ण नंबर छापलेला असतो. 1040एनआरच्या (परदेशी व्यक्तीचं अमेरिकेतलं कर-रिटर्न) प्रतीवर आणि त्याला जोडलेल्या 8843 या फॉर्मवरही तो असतो. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे राज्याचं रिटर्न शोधण्यात वेळ घालवू नका. एखाद्या जुन्या वहीत नऊ आकडे सापडले आणि ते एसएसएनच आहेत का अशी शंका आली, तर एक खूण सांगते. 25 जून 2011 पर्यंत पहिले तीन आकडे राज्यानुसार ठरत. टेक्सासचे 449 ते 467 आणि 627 ते 645. आकडा 9 ने सुरू होत असेल तर तो एसएसएन नव्हे.

घरात काही मिळालं नाही तर विद्यापीठाच्या पेरोल विभागाला लिहा आणि जुना डब्ल्यू-2 मागा. जन्मतारीख आणि विद्यार्थी क्रमांक द्या, पण नंबर साध्या ईमेलने पाठवू नका असं आवर्जून सांगा.

जुन्या चर्चांमध्ये 'सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून प्रिंटआउट घ्या' हा सल्ला अजून फिरतो. ती सोय ऑगस्ट 2014 पासून बंद आहे. आयआरएसच्या (अमेरिकेचं आयकर खातं) ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कर-नोंदीच्या उताऱ्यावर, आता शेवटचे चारच आकडे दिसतात. फोनवर नंबर कुणी सांगत नाही. आणि पैसे घेऊन 'रिकव्हर' करून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण पासपोर्टची प्रत आणि जन्मतारीख अनोळखी माणसाच्या हाती जाते. सरकारी अर्जाला एक पैसाही लागत नाही.

नंबर कुठेच सापडला नाही तरी तुमचं अडणार नाही, कारण तुम्ही तिकडे जाताच आहात. पोचल्यावर ऑनलाइन आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) काढून त्यावर एल-2एस लिहिलंय ना ते पाहा; जोडीदाराला काम करायची मुभा असल्याची ती खूण आहे. नुसतं एल-2 असेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या. मग आठ-दहा दिवसांनी पासपोर्ट आणि आय-94 घेऊन जवळच्या सोशल सिक्युरिटी ऑफिसात बदली कार्डाचा अर्ज करा. जुना नंबर माहीत नसला तरी नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं यांवरून त्यांना जुनी नोंद शोधता येते.

आपल्या बायकांचा घोळ होतो तो इथे. लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत तुम्ही माहेरच्या पूर्ण नावाने आहात. अर्जात जन्माच्या वेळचं नाव आणि आधीच्या कार्डावरचं नाव हे वेगळे रकाने आहेत. तिथे माहेरचं नाव जुन्या पासपोर्टवर होतं तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. आईचंही माहेरचं आडनाव विचारतात, सासरचं नव्हे. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि जुना रद्द झालेला पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. झेरॉक्स चालत नाही, नोटरीचा शिक्का असला तरीही नाही. प्रमाणपत्र मराठीत असेल तर इथूनच इंग्रजी प्रत काढून न्या.

दरम्यान नोकरी लागली तर कार्डासाठी थांबायची गरज नाही. एल-2एस असेल तर काम सुरू करता येतं, नंबर नंतर कळवता येतो.

कार्ड टपालाने येतं, म्हणून नव्या घराच्या पत्रपेटीवर नवऱ्याबरोबर तुमचंही नाव लावून घ्या.